भिंतीचं मला विचारू नका

तो चुकून आला. हे मी आजही सगळ्यांना सांगते, आणि तो आजही मान्य करत नाही.

तळमजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये मी स्टुलावर चढून बल्ब बदलत होते. साडेअकराला गिऱ्हाईक यायचं होतं, आणि अंधाऱ्या खोलीत कुणाचं मन रमत नाही, एवढं मला घरं दाखवण्याच्या या धंद्याने शिकवलं होतं. तेवढ्यात दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. एक डोळा बारीक करून तो माझ्याकडे नाही, स्टुलाकडे बघत होता.

"एक पाय आखूड आहे त्याचा. पडाल."

एवढं बोलून तो हसला, आणि... बल्ब माझ्या हातातून सुटता सुटता राहिला.

त्याला खरं तर शेजारच्या विंगमधला फ्लॅट बघायचा होता, दुसऱ्याच कुठल्या एजंटबरोबर. विंग चुकली, असं मी त्याला सांगितलं. आलाच आहात तर जरा स्टूल धरा, असंही सांगितलं. त्याने मुकाट्याने धरलं. बल्ब लागेपर्यंत मला कळलं, की त्याचं घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान आहे, म्हणून ती डोळा बारीक करायची सवय. घरी आई आहे. ती व्हीलचेअरवर असते आणि ते राहतात तिसऱ्या मजल्यावर, तेही लिफ्टशिवाय. आठ महिन्यांत ती फक्त दवाखान्यात जायला खाली उतरली होती. हे सांगताना त्याचा आवाज जरा खाली गेला.

बोलता बोलता त्याने मी दाखवणार होते तोच फ्लॅट बघून घेतला. हॉल आणि आतली खोली यांच्यामधल्या भिंतीपाशी तो थांबला. "ही काढली तर खुर्ची आरामात वळेल. काढता येईल ना?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"ऊन किती वाजेपर्यंत असतं, पाणी कधी येतं, शेजारी कसे आहेत, या इमारतीत मागचं घर कितीला गेलं... काहीही विचारा. भिंतीचं मला विचारू नका. ते इंजिनियरने बघायचं. कागदपत्रं वकिलाने."

तो बघतच राहिला. आजवर सहा एजंट पाहिले, माहीत नाही म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या, असं काहीतरी तो पुटपुटला. ते कौतुक होतं की टोमणा, कुणास ठाऊक.

मी काही जन्मतः इतकी शहाणी नव्हते. आदल्या वर्षी एका निवृत्त शिक्षक जोडप्याला मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की स्वयंपाकघर गॅलरीच्या बाजूला सहज हलेल. त्यांनी विश्वास ठेवून घर घेतलं. मग कळलं, की सांडपाण्याच्या पाइपाला तिथून उतारच मिळत नाही. बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. अजूनही मी त्यांच्या रस्त्याने जात नाही.

घड्याळवाला पुन्हा आला, परत आला. कधी मोजपट्टी घेऊन, कधी नुसताच. गॅलरीचं माप त्याने तीनदा घेतलं, आणि तिन्ही वेळा ते वेगळं आलं. "घड्याळातला केसाएवढा स्क्रू दिसतो तुम्हाला, आणि ही पट्टी वाचता येत नाही?" मी विचारलं. "लक्ष लागत नाही," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. मी खिडकी उघडायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

ऑफिस माझ्या सख्ख्या मामाचं. चार महिने माझा एकही सौदा झाला नव्हता, आणि मामाने स्पष्टच सांगितलं होतं: हा जमला नाही तर तुझं टेबल रिकामं कर. मला तर हेच काम करायचं होतं, दुसरं काही नाही. म्हणून घड्याळवाला टोकन द्यायच्या तयारीने ऑफिसात आला, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. त्याने पुन्हा भिंतीचा विषय काढला. मामा खुर्चीत रेलून म्हणाला, "अहो, बोटाने ढकललीत तरी पडेल ती."

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. खोटं मी थोडीच बोलले होते? पण त्या निवृत्त शिक्षिकेचा चेहरा डोळ्यासमोर आला.

"मामा, तू इंजिनियर नाहीस. मीही नाही," मी म्हणाले. मग घड्याळवाल्याकडे वळून म्हणाले, "तपासून घेतल्याशिवाय टोकन देऊ नका."

मी त्याला तीन इंजिनियरांचे नंबर लिहून दिले, निवड तुम्हीच करा म्हटलं. मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण बघायचं धाडस मला झालं नाही.

इंजिनियरबाई आल्या. भिंत ठोकून पाहिली, नकाशे उलगडले, आणि म्हणाल्या, वरच्या चार मजल्यांचा भार हिच्यावर आहे, हिला हात लावायचा नाही. सौदा तिथेच मोडला. घड्याळवाला मान खाली घालून निघून गेला. मी ऑफिसात येऊन खण आवरायला घेतले. आपण बरोबर होतो याचा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र रडू येत होतं.

मामा उठून माझ्या टेबलापाशी आला. मग म्हणाला, "चार मजले?"

"चार."

"ठेव ते सामान परत खणात," तो म्हणाला. "आणि त्याला दुसरं घर शोध."

तीन आठवडे मी पायाला भिंगरी लावून फिरले. सापडलं ते घर तळमजल्यावरच, मोठा हॉल, रुंद दारं, एकही भिंत पाडायची गरज नाही. इंजिनियरबाईंनी पाहिलं, वकिलांनी कागद तपासले. शेवटी तो आईला घेऊन आला. आईंनी खुर्ची हॉलभर फिरवली, आत गेल्या, मागच्या गॅलरीपर्यंत एकट्या गेल्या. कित्येक महिन्यांनी, कुणाच्या मदतीशिवाय.

तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सगळ्यांना विचारून झालं. आता तुम्ही सांगा. घेऊ?"

किमतीचं, वस्तीचं, उन्हाचं, सगळं मला पाठ होतं. सल्ला द्यायचा पूर्ण हक्क होता. तरी मी मान हलवली.

"मी... या घराबद्दल मला सल्ला देता येणार नाही."

"का?"

"समोरच्या इमारतीत मी राहते. तुम्ही हे घर घ्यावं असं मला वाटतं, पण ते घरासाठी नाही... तुम्ही रोज दिसाल म्हणून. अशा माणसाचं ऐकू नये."

त्याने हातातली मोजपट्टी खाली ठेवली. "रविवारी दुसऱ्या एजंटने माझ्या दुकानाशेजारचं घर दाखवलं. यापेक्षा मोठं. मी नको म्हटलं. आईला सांगितलं, तिथे ऊन येत नाही. आणि ऊन... भरपूर होतं."

"मला ठाऊक आहे," मागच्या गॅलरीतून आईंचा आवाज आला. "अर्धा तास त्या उन्हातच बसवलं होतंस मला."

आई खुर्ची वळवून सावकाश हॉलमध्ये आल्या.

"मला हे घर आवडलंय, म्हणून आपण घेतोय," त्या मुलाला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं, सौद्याचं काम आटपलं की संध्याकाळी घरी ये. एजंट म्हणून नको येऊस."

त्याने माझा हात धरला, भर दुपारी, आईंच्या देखत. मी तो सोडवून घेतला नाही.