गाळावर वाढलेली सूर्यफुलं

सेव्हिल शहराच्या पूर्वेला असलेल्या त्या गावात फेर्मिनला सगळे चिडवायचे, "आला घाणवाला." तो म्हणायचा, "घाण तुमचीच, मी नुसता सांभाळतो." गावच्या सांडपाण्याचा गाळ तो बंद टाकीत उबेला ठेवी आणि त्यात जिवाणूंचं विरजण सोडी. हळूहळू दुर्गंधी मरे, रटरटलेल्या रश्श्यासारखा वास सुटे. त्यातून निघालेलं काळपट पाणी शेताला दिलं की पीक जोमानं मुळं धरी. यात जादू कसली डोंबलाची, जिवाणू खातात आणि पचवतात, एवढंच.

यंदा त्यानं ते गावातल्याच हिनेसच्या सूर्यफुलांना दिलं. अर्ध्या शेतालाच. उरलेलं अर्धं तुलनेसाठी तसंच ठेवलं.

कळ्या धरल्यावर एका सकाळी हिनेस गावच्या कॅफेत त्याच्याशेजारी येऊन बसला. पावावर तेल ओतत म्हणाला, "तुझ्या पाण्यावरची फुलं बिघडली रे. सूर्याकडे बघतच नाहीत."

"मग कुठे बघतात?"

"तुझ्या घराकडे." हिनेसनं नजर चुकवली. "कोन्सुएलो कशी आहे?"

"तशीच."

फेर्मिन शेतावर गेला. ते पाणी न दिलेली फुलं शहाण्यासारखी सूर्यामागे फिरत होती. दिलेली मात्र झाडून सगळी माना वळवून त्याच्या घराकडे, त्याची आजारी बायको कोन्सुएलो निजली होती त्या खिडकीकडे बघत होती. त्यानं वारा पाहिला, माती तपासली. एक कळी सुतळीनं सूर्याकडे ओढून बांधली. संध्याकाळपर्यंत ती सुतळी तोडून पुन्हा वळली होती.

तिला त्यानं सांगितलं. ती दमल्या आवाजात म्हणाली, "बघू देत. माझंच खाऊन मोठी झालीत ना."

पुढच्या आठवड्यात तिला सेव्हिलच्या इस्पितळात हलवलं. दुसऱ्या सकाळी सगळ्या कळ्या पश्चिमेला, शहराच्या रस्त्याकडे वळलेल्या होत्या. डॉक्टर काही बोलत नव्हते. मग फेर्मिन इस्पितळात जाण्याआधी रोज शेतावर जाऊ लागला. फुलं शहराकडे बघताहेत, म्हणजे ती आहे. त्याच्याजवळ दुसरा आधारच उरला नव्हता. आपण वेडे झालोय हे त्याला कळत होतं, पण पाय तिकडेच वळत.

आज हिनेस बांधावरच भेटला. खूश होता.

"सुटलो बाबा एकदाचा. बघ, ताळ्यावर आली."

फेर्मिननं पाहिलं.

इकडचं अर्धं, तिकडचं अर्धं, सगळं शेत पूर्वेला तोंड करून उभं होतं. उगवत्या सूर्याकडे.

तो तिथेच बांधावर बसला.

"अरे, काय झालं?" हिनेस घाबरला.

फेर्मिननं खिशातून फोन काढला आणि तळहातावर धरून बसला. तो अजून वाजला नव्हता.