पाचवा दोर

पटत असेल तर वाचा, नसेल तर सोडून द्या. मला कुणाच्या पाया पडायचं नाहीये. त्या दुपारी त्या खोलीत मी स्वतः उभा होतो, दोन नंबरच्या घंटेचा दोर माझ्या हातात होता आणि मी दारूचा थेंबही घेतलेला नव्हता.

तारीख नऊ नोव्हेंबर, एकोणीसशे शहाण्णव. शनिवार. दुपारचे पावणेचार.

जागा म्हणजे आमच्या ऑस्टनबरीच्या चर्चचा मनोरा. वेल्सच्या सीमेला चिकटलेलं इंग्लंडमधलं एवढंसं गाव आहे आमचं. पुलापाशी माझी बेकरी आहे.

पण गोष्ट माझी नाही. मेरियल गॅरेटची आहे. जे तिनं एकटीनं पाहिलं ते तिनंच मला सांगितलं. ती बाई खोटं बोलणाऱ्यातली नाही, भांडणाऱ्यातली आहे.

मेरियल वाढली शेफील्डला, आजीच्या मांडीवर. आजी हेस्टर प्रीस मूळची आमच्या गावची. लग्न होऊन गेली ती परत आली नाही, पण नातीला तिनं अख्खं गाव तोंडपाठ करून दिलं होतं. चौकातला हातपंप, शाळेमागची रानटी आलुबुखाराची झाडं आणि मनोऱ्याचा गोल जिना.

"एक्केचाळीस पायऱ्या आहेत," आजी सांगायची. "तेविसावी तुटकी आहे. तिथं पाय टाकायचा नाही, तिला ओलांडून जायचं."

स्वयंपाकघराच्या दाराला कपडे वाळत घालायची दोरी अडकवून आजी तिला घंटा वाजवायला शिकवायची. "हात वर... थांब... आणखी थांब... आता ओढ!" ते 'आणखी थांब' म्हणताना आजीचे डोळे चमकायचे.

आणि मग ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची.

एकोणीसशे एकोणीसचा नोव्हेंबर. युद्ध थांबून वर्ष झालं म्हणून गावानं सलग तीन तास घंटानाद केला. सहा घंटा, सहा माणसं, मध्ये थांबायचं नाही. पाचवी घंटा हेस्टरच्या भावाची, वॉल्टरची. पण वॉल्टर फ्रान्सहून परत आला तो हात थरथरतच. युद्धाची चार वर्षं त्याच्या जागी हेस्टरच वाजवत होती. त्या दिवशीही तिनंच वाजवली. तळहात सोलले, रक्त आलं, पण एक ठोका चुकला नाही.

आठवड्यानं दोरांच्या खोलीत, जिथं उभं राहून घंटा वाजवतात तिथं, सहा नावांचा फलक लागला. पाचवं नाव होतं... वॉल्टर प्रीस.

मुलीचं नाव फलकावर? छे! त्या वेळचा मनोऱ्याचा कप्तान, म्हणजे घंटा वाजवणाऱ्यांचा म्होरक्या, जेकब बेंग्री म्हणाला, लोक हसतील.

हेस्टर तेव्हा सतरा वर्षांची. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "माझं नाव त्या फळीवर लागेपर्यंत मी या खोलीत पाऊल टाकणार नाही."

नाही टाकलं. शेफील्डलाच वारली बिचारी, चौऱ्याहत्तर साली.

पुढे नोकरी संपल्यावर मेरियलनं सरळ आमच्या गावात घर घेतलं. आजीचं एकेक ठिकाण शोधत फिरली. पंप सापडला. आलुबुखाराची दोन झाडं सापडली. चर्चच्या वहीत आजीच्या बारशाची नोंद सापडली, तेव्हा ही बाई रस्त्यावर उभी राहून रडली.

पहिल्यांदा मनोरा चढताना तिनं तेविसावी पायरी ओलांडली. मागून येणारा म्हातारा पर्सी बेंग्री खो खो हसला.

"अगं ए, ती पायरी पन्नास साली बदलली! आता कुणी ओलांडत नाही तिला."

हा पर्सी म्हणजे त्या जेकबचा मुलगा. वय अठ्ठ्याहत्तर. आता कप्तान तो. त्यानंच मेरियलला घंटा शिकवली, आणि पाचवा दोर तिला मिळाला. दोघांचं छान जमायचं. फक्त फलकाचा विषय निघाला की दोघं कुत्र्यामांजरासारखी भांडायची.

शहाण्णव साली तो फलक रंगवायला खाली काढला. रविवारी सैनिकांच्या स्मरणदिनी तो परत लागणार होता. एकदा लागला की पुढची ऐंशी वर्षं त्याला कुणी हात लावणार नाही, हे मेरियलला पक्कं माहीत होतं.

आता त्या शनिवारचं सांगतो.

स्मरणदिनाला घंटा अर्ध्या मुक्या करतात. लोलकाच्या एका बाजूला चामड्याची टोपी बांधतात. मग एक ठोका खणखणीत पडतो आणि दुसरा दबलेला, लांबून आल्यासारखा. टोप्या बांधायला मेरियल एकटी वर, घंटांच्या मजल्यावर गेली. सहाही घंटा खाली लटकत होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. तिनं सगळ्या बांधल्या. पाचवीला तर तिनं दुहेरी गाठ मारली, आजीच्या पद्धतीची.

वळली... आणि मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

पाचवीची टोपी जमिनीवर पडली होती. गाठ सुटलेली नव्हती. तशीच होती, बांधलेली.

तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. पुन्हा बांधली, ओढून पाहिली आणि खाली आली.

खाली आम्ही पाच जण होतो. फलक भिंतीला टेकवून ठेवलेला. नवी सोनेरी अक्षरं, रंग अजून ओला. रंगाऱ्याचा डबा आणि टर्पेंटाइनची चिंधी शेजारीच.

पाचवं नाव... वॉल्टर प्रीस.

मेरियलनं पिशवीतून एक कागद काढला. "पर्सी, हे वाचा. लष्करी इस्पितळाची नोंद. त्या आठवड्यात वॉल्टर इथून शंभर मैलांवर खाटेवर पडून होता. तो काय उडत आला होता का?"

"सुट्टी घेऊन आला असेल."

"कागदावर लिहिलंय, चमचासुद्धा धरता येत नव्हता!"

"माझ्या बापानं खोटं लिहिलं म्हणतेस?" पर्सी लालबुंद झाला. "कबरीतल्या माणसाला चोर ठरवतेस? आहे तोच फलक उद्या लागेल. विषय संपला."

"नाही संपला." मेरियलनं हाताची घडी घातली. "मग मी पाचवी वाजवणार नाही. आज नाही, उद्या नाही. नाव वॉल्टरचं आहे ना? बोलवा वॉल्टरला."

टपालकचेरीतली ऑल्वेन पहिल्या दोरापाशी उभी होती. ती पुटपुटली, "अगं, उद्या सगळं गाव ऐकणार आहे..."

"ऐकू दे. पाचवी जागा रिकामी ऐकू दे सगळ्यांना."

"पाचांवर वाजवू!" पर्सी ओरडला. "धरा रे दोर!"

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. घंटा खाली लटकत असली की तिच्या दोराचं टोक जमिनीवर वेटोळं होऊन पडतं. वाजवण्याआधी घंटा झोके देत देत उलटी वर चढवावी लागते. तेव्हा दोर घंटेच्या चाकावर गुंडाळला जातो आणि जमिनीवरून उचलला जातो. हे चढवणं आवाजाशिवाय होत नाही. घंटा वर जाताना प्रत्येक झोक्याला वाजतेच.

आम्ही पाच घंटा चढवल्या. पाचवीचं वेटोळं जमिनीवर होतं. मेरियल भिंतीपाशी उभी होती, दोरापासून चांगली दहा पावलं लांब.

वाजवायला लागलो. एक, दोन, तीन, चार... सहा.

मध्ये खिंडार.

पाचांवर वाजवताना ते खिंडार बुजवायचं असतं. आम्ही काही काल शिकलेलो नव्हतो. पण बुजेचना. सहावी पर्सीची, आणि त्याचे हात दर वेळी थांबत होते. कुणासाठी तरी.

"पर्सी, लवकर ओढा!" मी म्हणालो.

"ओढतोय ना!"

एक, दोन, तीन, चार... सहा.

तेवढ्यात ऑल्वेनची नजर जमिनीवर गेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

वेटोळं नव्हतं.

पाचवा दोर जमिनीवरून उचलला गेला होता. म्हणजे वर घंटा उलटी उभी होती, तयार. एकही आवाज न करता चढली होती.

एक, दोन, तीन, चार...

पाच.

पाचवा दोर आपोआप खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला. त्याच्यापाशी कुणीही नव्हतं. आणि आमच्या घंटा एकदा मोठ्यानं, एकदा दबक्या वाजत होत्या, पण पाचवी... दोन्ही वेळा खणखणीत.

मेरियल घाबरली नाही. मी तिच्याकडे बघत होतो. तिचे ओठ हलत होते. हात वर... थांब... आणखी थांब... आता ओढ. पाचवी बरोबर त्याच लयीत वाजत होती.

"थांबा!" पर्सीनं हुकूम सोडला. आम्ही पाचही जण थांबलो.

पाचवी थांबली नाही.

एकटीच वाजत राहिली. खण. खण. खण. खाली रस्त्यावरची माणसं वर बघू लागली. पर्सी तिरमिरीत पुढे झाला आणि दोर पकडायला गेला. दोरानं त्याला असा हिसडा दिला, की म्हातारा धाडकन बाकावर जाऊन बसला. तळहाताची साल निघाली होती.

मेरियल त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हाला माहीत आहे, पर्सी. आधीपासून माहीत आहे."

"गप्प बस!"

"ती नाही थांबायची. माझी आजी आहे ती, मी ओळखते. आजचा दिवस वाजवेल, उद्याचाही वाजवेल. नाव घ्या तिचं!"

पर्सी आपल्या सोललेल्या हाताकडे बघत बसला. खण. खण. मग त्याचा चेहरा एकदम वाकडा झाला, लहान मूल रडण्याआधी होतो तसा.

"बापानं मरताना सांगितलं मला," तो म्हणाला. "म्हणाला, पोरीला फसवलं मी. फलक दुरुस्त कर म्हणाला. मला लाज वाटली गं. बापाची चूक चार लोकांत कशी दाखवू? चाळीस वर्षं गप्प बसलो."

"नाव, पर्सी."

"हेस्टर." त्यानं मान वर केली आणि दोराकडे बघून जोरात म्हटलं, "पाचवी हेस्टर प्रीसनं वाजवली!"

आणखी दोन ठोके पडले. मग... काही नाही.

त्या शांततेत माझ्या कानात नुसतं घुं घुं होत होतं.

मी आणि मेरियल धावत वर गेलो. पाचवी घंटा खाली लटकत होती. स्थिर. लोलकावर चामड्याची टोपी जागच्या जागी होती, आजीच्या दुहेरी गाठीसकट. परत खाली आलो तर दोराचं वेटोळंही जमिनीवर होतं.

पर्सी फलकासमोर गुडघे टेकून बसला होता. टर्पेंटाइनच्या चिंधीनं 'वॉल्टर' पुसत होता.

रविवारी सकाळी रंगाऱ्यानं नवं नाव लिहिलं. दहा वाजता फलक भिंतीवर चढला. लख्ख ऊन होतं. आम्ही सहाही जण आत होतो. मेरियल सारखी वर बघत होती आणि डोळे पुसत होती.

इथं गोष्ट संपायला हवी होती. मलाही तसंच वाटलं होतं.

पण आदल्या दिवशी दोर हलला होता, घंटा वाजली होती, तरी खोलीत पाऊल वाजलं नव्हतं. कुणी आत आलं नव्हतं. नाव लागेपर्यंत येणार नाही, असं ती म्हणाली होती ना?

आता नाव लागलं होतं.

पर्सीनं खिळ्यावर शेवटचा हातोडा मारला आणि... खाली जिन्याचं दार वाजलं.

पावलं. हलकी, भरभर, तरुण पायांची. एक्केचाळीस पायऱ्यांचा दगडी जिना कुणीतरी चढत होतं. मेरियल ओठातल्या ओठात मोजायला लागली. अठरा. एकोणीस. वीस. एकवीस. बावीस.

मग एका पावलाएवढी शांतता.

चोवीस.

पर्सीनं माझा दंड असा धरला की काळा-निळा डाग आठवडाभर होता. ती पायरी आता कुणीच ओलांडत नव्हतं. मेरियल सोडून. आणि मेरियल माझ्यासमोर उभी होती.

पावलं दाराबाहेर येऊन थांबली. आमच्यातला एकही जण जागचा हलला नाही. मेरियल तेवढी पुढे गेली. तिनं दार सताड उघडलं.

बाहेर कुणीच नव्हतं.

"ये गं आजी," ती म्हणाली. "आत ये. बघू कोण अडवतंय तुला."

आणि ती बाजूला सरकली. एक माणूस आत येईल एवढी.

आजही दर रविवारी ती वाजवण्याआधी दार उघडून तशीच बाजूला सरकते. पर्सी त्या दाराकडे पाठ करून कधी बसला नाही. आणि मी... मी अजून दोन नंबरचा दोर धरतो. पण वर जाताना मीही आता तेविसाव्या पायरीवर पाय टाकत नाही.