अब्बांचं इन्शाल्ला

"तुम्ही नाही म्हणालात असं सफानं लिहिलंय, हारुनभाई. पुढं पाठवायच्या आधी एकदा तुमच्या तोंडून ऐकावं, म्हणून फोन केला."

फोन कानाला तसाच धरून हारुन हॉलच्या मधोमध थांबला. समोर त्याची एकुलती एक लेक सफा दोन्ही हात आडवे पसरून उभी होती, आणि तिची आई शहनाझ, ओठांत चार सेफ्टी पिना धरून, मीना बाजारातून आणलेल्या मोरपंखी साडीच्या निऱ्या तिच्या कमरेशी खोचत होती. बारावीचा फेअरवेल होता आज! चार वाजता शाळेत पोचायचं होतं. लेकीला पहिल्यांदा साडीत बघावं, स्वतः गाडीनं शाळेच्या दारात सोडावं, म्हणून हारुन आखातातल्या या शहराच्या कडेला असलेल्या मुसफ्फातल्या वर्कशॉपमधून दुपारीच सुटून घरी आला होता; आणि खरं सांगायचं तर त्याच्या शर्टाच्या खिशात आज असा एक कागद होता, की वाटेतला ट्रॅफिकसुद्धा त्याला गोड लागला होता.

"मी? मी कशाला नाही म्हणालो?"

"स्कॉटलंडच्या युनिव्हर्सिटीला," पलीकडून कावेरी मॅडम म्हणाल्या. बारावीच्या मुलांचे कॉलेजचे अर्ज शाळेत त्याच बघायच्या. मूळच्या बेळगावच्या, म्हणून हारुनशी मराठीत बोलायच्या. "स्कॉलरशिप शाळेच्या शिफारशीनं मिळालीय, त्यामुळे उत्तर शाळेकडूनच जायचं. आज शेवटचा दिवस. पाच वाजता मी मेल पाठवणार, आणि मग खलास! सफानं सकाळी लिहून दिलंय, 'माय फादर सेड नो.'"

"मॅडम, पाचच्या आत मी येतो. तोवर काही पाठवू नका." एवढंच बोलून हारुननं फोन ठेवला.

"सफा, मी नाही म्हणालो?"

साडीच्या आत सफा ताठ झाली. "येस, अब्बा."

"कधी?"

"थ्री टाइम्स."

"खोटं! बापाच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलतेस?"

शहनाझनं ओठांतल्या पिना तळहातावर काढून घेतल्या. "अहो, हळू बोला. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! अख्ख्या बिल्डिंगला कळू दे, की माझी मुलगी माझ्या नावावर खोटं लिहून देते!"

हारुनचा आवाज चढला तरी आतून तो पार कोसळला होता. ज्या स्वप्नाला त्यानं तळहाताच्या फोडासारखं जपलं, त्याचाच गळा आपण घोटला असं ही पोर जगाला सांगते? सात वर्षांची सफा त्याच्या डोळ्यांपुढं आली. वर्कशॉपमध्ये बोटींचे सांगाडे दुरुस्तीला यायचे, हारुन तिथला वेल्डिंगचा फोरमन. सुट्टीच्या दिवशी ही चिमुरडी केबिनच्या काचेला नाक लावून बसायची. एकदा तिनं विचारलं होतं, अब्बा, लोखंड पाण्यात बुडतं, मग लोखंडाची बोट का नाही बुडत? अर्धं आयुष्य बोटी जोडण्यात घालवलेल्या हारुनला उत्तर देता आलं नव्हतं. ते उत्तर तिनंच शोधून काढलं, पुस्तकांतून, व्हिडिओंतून, आणि दहावीपासून एकच धोशा लावला... मला जहाजं डिझाइन करायचीत! त्या शिक्षणासाठी वर्षभर तिनं निबंध लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. शिफारसपत्रांसाठी शिक्षकांच्या मागे फिरली. आणि प्रत्येक परीक्षेला हारुननं तिला गाडीतून सोडलं, बाहेर उन्हात थांबून दुवा मागितली. आणि आता 'माय फादर सेड नो'!

"अब्बा, मी विचारलं होतं," सफा म्हणाली. ती मागे हटली नाही. "सप्टेंबरमध्ये विचारलं, अप्लाय करू? तुम्ही म्हणालात, इन्शाल्ला. इंटरव्ह्यू झाला तेव्हा विचारलं, मिळालं तर पाठवाल? इन्शाल्ला. ऑफर लेटर आलं, मी प्रिंट काढून तुमच्या ताटाजवळ ठेवलं आणि विचारलं, अब्बा, मी जाऊ? तुम्ही इन्शाल्ला म्हणालात, उठलात आणि निघून गेलात!"

"मग? इन्शाल्ला म्हणजे हो!"

"नो, अब्बा! इन्शाल्ला मीन्स नो. एव्हरीबडी नोज! ऑगस्टमध्ये एसीवाला म्हणाला, टुमॉरो, इन्शाल्ला. आला का तो? तुमचे ऑफिसवाले दर वर्षी म्हणतात, प्रमोशन, इन्शाल्ला. अम्मी रोज कोणाला ना कोणाला शिव्या घालते, हा इन्शाल्ला म्हणाला म्हणजे आता येत नाही! आणि तुम्ही? मी स्विमिंग क्लास म्हटलं, इन्शाल्ला. स्कूल ट्रिप म्हटलं, इन्शाल्ला. सेकंड स्टँडर्डमध्ये असताना मी मांजर मागितलं होतं, आठवतंय? इन्शाल्ला म्हणालात तुम्ही. वर्षभर मी बाल्कनीत दुधाची बशी ठेवत होते... अब्बा, व्हेअर इज माय कॅट?"

शहनाझला हसू फुटलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणी आलं. हारुन मात्र हसला नाही. तो सोफ्याच्या कडेवर बसला.

बाल्कनीतली ती बशी त्यानं पाहिली होती! चिमण्यांसाठी असेल, असं वाटून रोज सकाळी तिच्याजवळून तो कामावर जात होता...

दाभोळला, त्याच्या आईच्या, हव्वाबीच्या घरात हा शब्द, 'अल्लानं मनात आणलं तर', इतका स्वस्त नव्हता. चोवीस वर्षांपूर्वी जेट्टीवर आईनं विचारलं होतं, कायमचा परत येशील ना रे? तो म्हणाला, येईन, इन्शाल्ला. तेवढ्यावर त्या बाईनं डोळे पुसले होते! कारण माणसानं जबान दिली होती आणि वरच्याला साक्षी ठेवलं होतं. आता रडायचं काय कारण? तेव्हापासून ती दर शुक्रवारी त्याच्या खाटेवरची गादी उन्हात घालत आली होती. तोच शब्द घेऊन हारुन इकडे आला, आणि या देशातल्या काउंटरांवर, साइटवर, फोनवर दिवसातून शंभर वेळा ऐकून ऐकून, कटकट टाळायला तोही कधी तो वापरू लागला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. लेकीला त्यानं खोटं नाणं देऊन ठेवलं होतं, आणि खरं दिलं त्या दिवशी तिला ते ओळखूच आलं नाही! दोष कुणाचा?

"त्या दिवशी मी उठून का गेलो, ठाऊक आहे?" तो हळू आवाजात म्हणाला. "मला रडू येत होतं, बेटा. मशिदीत हातपाय धुतात त्या वुझूच्या नळाखाली तोंड धरून रडलो मी. माझी पोर जहाजं बांधणार म्हणून!"

सफानं मान खाली घातली. "बट एनीवे, अब्बा... मी तसंही गेले नसते. तुम्ही राजीनामा दिलाय. जुलैत कायमचे येतो म्हणून दादीला सांगितलंय. मी ऐकलं सगळं. दादीला सांगताना तुम्ही इतके हॅपी होता! स्कॉलरशिपमध्ये फक्त फी निघते. मी गेले तर बाकीच्या खर्चासाठी तुम्हाला अजून इथेच राहावं लागेल. सो... मी रत्नागिरीच्या कॉलेजला जाते. सुट्टीला दादीकडे. इट्स ओके. आय ॲम ओके." आणि एवढं ओके असलेल्या त्या पोरीचे अश्रू टपटप साडीच्या काठावर पडले.

हारुननं खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला.

सफानं वाचला. पुन्हा वाचला. राजीनामा मागे घेतल्याचं पत्र होतं ते, कंपनीचा शिक्का मारलेलं! करार पुढची चार वर्षं चालू.

"आज सकाळी मिळालं," हारुन म्हणाला. "फेअरवेलच्या दिवशी तुला देणार होतो."

पण आता शहनाझ खाली बसली. "चार वर्षं? अहो, दाभोळच्या स्वयंपाकघराला कुठला रंग द्यायचा ते मी काल तुमच्या आईंना कळवलं! मला विचारावंसं नाही वाटलं तुम्हाला?"

"तू नाही म्हणाली असतीस, तर मी मोडून पडलो असतो."

"आणि हो म्हणाले असते तर? एवढ्या वर्षांच्या संसारात एकदा विचारून तर बघायचं!" तिनं पदरानं नाक पुसलं. दोघं बापलेक तिच्या तोंडाकडे बघत राहिले, जणू निकाल तिच्याच हाती होता... आणि होताच! शहनाझ उठली, तळहातावरची एक पिन उचलली आणि सफाच्या खांद्यावर पदर चापून लावू लागली. "सरळ उभी राहा. एवढ्या लांब जाणाऱ्या पोरीचा पदर असा सुटायला नको."

"अम्मी!" सफानं तिला मिठीच मारली, आणि निऱ्या पुन्हा पहिल्यापासून घालाव्या लागल्या.

"पण दादी?" मिठीतूनच सफानं विचारलं. "दादीला कोण सांगणार?"

हारुनच्या काळजातला काटा तोच होता. कालपर्यंत त्यानं तो फोन पुढं ढकलला होता. आता लेकीच्या देखत ढकलता येईना. त्यानं व्हिडिओ लावला. हव्वाबी अंगणात चहा घेऊन बसली होती. आधी तिचं कपाळ दिसलं, मग चष्मा, मग सगळा चेहरा.

"माशाल्ला! सफा का ही? साडीत? पोर एकदम बाई दिसायला लागली गं!"

"आई," हारुन म्हणाला, "जुलैत मी... येत नाही. अजून चार वर्षं. सफाला शिकायला पाठवायचंय."

म्हातारीनं कप खाली ठेवला.

"मला काय म्हणाला होतास तू, जाताना?"

"येईन, इन्शाल्ला." पंचेचाळीस वर्षांचा फोरमन शाळेतल्या मुलासारखा मान खाली घालून म्हणाला.

"मग? साल सांगितलं होतंस का?"

हारुननं वर पाहिलं.

"इन्शाल्ला म्हणालास, म्हणजे येशील. मी गादी उन्हात घालते ती काय कॅलेंडर बघून घालते? पोरीला जाऊ दे. आणि तिला म्हणावं, अशी बोट कर, की माझा लेक जरा लवकर घरी पोचेल..." एवढं बोलून हव्वाबीनं फोन पालथा ठेवला असावा, कारण पडद्यावर अंधार झाला. तिचं नाक ओढणं मात्र तिघांनाही ऐकू आलं. हारुन तोंडावर हात धरून ढसाढसा रडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सफानं त्याला समोरून रडताना पाहिलं.

तिघांना शाळेत पोचायला साडेचार झाले. हॉलमधून गाण्यांचा आवाज येत होता, साड्यांतल्या मुली एकमेकींचे फोटो काढत होत्या. कावेरी मॅडम मात्र कॉम्प्युटर उघडा ठेवून वाट बघत होत्या.

"बोला, हारुनभाई. सफा जाणार? हो की नाही?"

"इन्..." हारुनच्या ओठांवर सवयीनं आलंच! त्यानं लेकीकडे पाहिलं. ती श्वास रोखून उभी होती. उद्याच्या गोष्टीला नुसतं 'हो' म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यात वरच्याचा मान आपण घेतला असं त्याला वाटायचं. पण पोरीनं दहा वर्षं त्या मांजराची वाट पाहिली होती. त्यानं तो शब्द मनातल्या मनात म्हटला, जिथं तो ऐकायला हवा तिथं ऐकला जाईल एवढ्या श्रद्धेनं म्हटला, आणि मग तोंड उघडलं.

"हो! जाणार. माझी मुलगी जाणार!"

मॅडमनी सकाळची चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली, आणि दुसरं उत्तर लिहून पाठवलं. सफानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तिघं बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. हॉलच्या दारातून मैत्रिणी हाका मारत होत्या. सफा निऱ्या सांभाळत चार पावलं गेली असेल, तोच हारुनला राहवलं नाही.

"सफा! दर सुट्टीत घरी येशील ना गं?"

ती वळली. "इन्शाल्ला, अब्बा."

हारुनचा जीव गलबलला. हो म्हणाली, की टाळलं? येईल, की नाही येणार? हा शब्द ऐकून माणूस किती एकटा पडतो, ते त्याला आज कळलं... या पोरीनं हे तीनदा ऐकलं होतं!

सफानं त्याचा चेहरा पाहिला. मैत्रिणींना हातानंच थांबायला सांगून ती मागे आली, आणि बापाच्या खिशावरची सुरकुती तळहातानं सरळ करत म्हणाली,

"दादीवालं, अब्बा. दादीवालं इन्शाल्ला."