सात नंबरची ओ

दुपारच्या एसटीतून संघर्ष सायखेड्याला उतरला, तेव्हा पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप होता आणि डोक्यात एकच काम होतं. पाचच्या आत दिशाचा पॉलिटेक्निकचा अर्ज ऑनलाइन भरायचा. शेवटचा दिवस आजचाच. गावातला कॅफे लोडशेडिंगमुळे सहापर्यंत बंद. निफाडला जाण्याइतका वेळ नव्हता. राहिली ती नदीकाठची अभ्यासिका, जी त्यानंच उभी केली होती.

कॉलेज संपल्या संपल्या नाशकातल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले सात कॉम्प्युटर त्यानं इथं आणले, त्यांत फुकट मिळणारं लिनक्स घातलं आणि भेटेल त्याला सांगत सुटला की ज्ञानाला कुलूप लावायचा हक्क कुणाच्या बापाला नाही. गाव हसलं. हसले नाहीत ते फक्त पुंजाराम, अभ्यासिकेची किल्ली सांभाळणारे, दिशाचे वडील. त्यांना सगळ्यात आवडलं होतं ते पिंग. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनला त्याच्या आकड्यानं हाक मारायची. ते जागं असेल तर उत्तर देतं, आणि उत्तराला किती वेळ लागला तेही समोर दिसतं. रोज सकाळी सात नंबरच्या मशीनवर बसून पुंजाराम हजेरी घ्यायचे. "दोन?... दिली ओ. तीन?... दिली."

गेल्या सप्टेंबरात पूर आला. पुंजाराम मशीनं काढायला म्हणून अभ्यासिकेत गेले. मशीनं गेली, तेही गेले. नदीनं दोन्हींतलं काहीच परत दिलं नाही.

दिशाच्या आईनं, यशोदाबाईंनी, कुलूप काढलं; दिशाही मागोमाग आत आली. दोनदा चुना मारूनही भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ उमटलेली होती. लाकूड फुगून खिडक्या गच्च बसलेल्या. आतल्या ओलसर काळोखात गाळाचा वास होता, आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोडेमचे दोन हिरवे दिवे.

"नवऱ्यामागं मीच उघडते रोज," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी जेवत होते, भाऊ. कुणाचा तरी फोन आला. 'ओ, निघालोच,' म्हणाले, हात धुतले आन गेले. कुणाचा ते मी विचारलंच नाय."

लॅपटॉप उघडण्याच्या निमित्तानं संघर्षनं मान खाली घातली. तो फोन त्याचा होता. 'काका, मशीनं तेवढी वर ठेवा' एवढंच तो बोलला होता. दहा महिने हे सांगायचं राहून गेलं होतं. खरं तर राहून गेलं नव्हतं, त्याला जमलं नव्हतं.

एकच टेबल उरलं होतं, सात नंबरच्या जागेवर. सवयीनं त्यानं लॅपटॉपलाही सातचाच आकडा दिला. पान उघडलं, अर्धं आलं आणि थबकलं. पुन्हा उघडलं. पुन्हा अर्धंच.

"कॅफेवाला म्हणतो, दादाचं लिनक्स फुकटचं हाय म्हणून फुकट जातंय," दिशा म्हणाली.

"कॅफेवाल्याला सांग, चोरीच्या विंडोजवर बसून शहाणपण शिकवू नको."

ती हसली, पण नजर घड्याळावर होती. सव्वाचार. बॅटरी उरली होती पस्तीस मिनिटांची; इन्व्हर्टर मोडेमपुरताच होता.

त्यानं एकेक करून तपासायला घेतलं. वायर नीट होती. मोडेम ओ देत होता. साइटचं नाव टाकलं की तिचा आकडाही बरोबर मिळत होता. आणि तरी येणारी उत्तरं मधेच नाहीशी होत होती, वाटेत कुणीतरी हात पुढे करून ती घेत असावं तशी. ओळखीचं लक्षण होतं हे. दोन मशीनांना एकच आकडा दिला की असंच होतं. पोस्टमन एकदा या दारात जातो, एकदा त्या. त्यानं विचारणारी आज्ञा टाइप केली: सात हा आकडा आणखी कुणाकडे आहे का?

उत्तर आलं. आहे.

तो उठून, सगळ्या मशीनांच्या वायरी जिथं जुळायच्या त्या भिंतीवरच्या डबीपाशी गेला. तिच्यात मोडेमची सोडता वायर एकच होती, त्याच्या लॅपटॉपची. बाकीच्यांची तुटकी टोकं खाली लोंबत होती, वाळलेल्या गाळानं बुजलेली.

"मोडेम जुना आहे," तो म्हणाला. "काहीतरी धरून बसला असेल..."

दिशा हळूच म्हणाली, "सात बाबांचा हाय, दादा. तुम्ही त्यांच्या जागेवर बसला."

त्यानं लॅपटॉपला आठचा आकडा दिला. पान एका दमात पूर्ण उघडलं.

चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी अर्ज गेला. दिशानं अर्जाचा क्रमांक वहीत उतरवला, खाली दोन रेघा ओढल्या आणि मोठा श्वास सोडला. आता लॅपटॉप मिटायचा आणि निघायचं, एवढंच बाकी होतं.

"दादा... सातला एक हाक मारू?"

संघर्षचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तरी तो बाजूला सरकला. दिशानं वडिलांनी शिकवल्याप्रमाणे अक्षरं टाइप केली.

पहिल्या हाकेची ओ यायला तीन सेकंद लागले. शेजारच्या मशीनला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. तीन सेकंद म्हणजे फार लांबून. दुसरी अडीच सेकंदांत. तिसरी दोन. दीड. एक. पाव... एकीखाली एक ओळी उमटत गेल्या आणि आकडे लहान होत गेले.

"जवळ येतंय..." दिशा कुजबुजली.

गाळाचा वास आता ओला होता. दहाव्या ओळीवरचा आकडा शेजारच्या मशीनचा होता. अकराव्या ओळीवरचा त्याहूनही लहान. मशीन स्वतःलाच हाक मारतं तेव्हाचा.

"पुरे," दारातून यशोदाबाई म्हणाल्या. "बोलवू नका त्यांना. बोलावलं की ते येतात, हाच त्यांचा दोष."

हाका थांबवायला संघर्षनं कंट्रोल आणि सी दाबलं. वायर उपसली. हिशेबाची शेवटची ओळ पडद्यावर राहिली होती. दिशा वाकून वाचू लागली, बोट ठेवून, शाळेत वाचतात तसं.

"पाठवल्या अकरा... मिळाल्या बारा." तिनं ओळी पुन्हा मोजल्या. "हाका तर मी अकराच मारल्या, दादा. ही एक ओ कुणाच्या हाकेला?"

यशोदाबाई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या संघर्षकडे बघत होत्या.