उभ्यानं घेतलेला बीपी

नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या एका दवाखान्यात मी अकरा वर्षं ईसीजी काढते आहे. कागदावर काही विचित्र उमटलं की आधी वायर तपासायची, मग माणूस. माझा नियमच तो.

मार्चमधली सकाळ. देगलूरहून उमादेवी आल्या, सोबत नवरा विरूपाक्ष. डिप्रेशननं त्या तीन वर्षं खाटेवर पडून होत्या. दिवाळीत गोळी सुरू झाली, तशा हळूहळू उठल्या, अंगणवाडीत परत जाऊ लागल्या. पण हल्ली उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. अशा काही गोळ्यांनी उभ्यानं बीपी घसरतो, काहींनी ठोक्यांची लय बदलते. म्हणून डॉक्टरांनी ईसीजी सांगितला होता, आणि बीपी आधी झोपून, मग उभ्यानं.

"बंदच करा म्हणतो ती गोळी," विरूपाक्ष म्हणाले. "पडून होती तवा चक्कर तरी न्हवती."

"पडून होते तवा मीच न्हवते," उमादेवी म्हणाल्या.

झोपून एकशे तीस-ऐंशी. ईसीजी काढला, हातापायांच्या क्लिपा सोडवून चादरीवर ठेवल्या. त्या उठून उभ्या राहिल्या. नव्वद-साठ.

मी आकडा लिहीत असताना मशीनमधून कागद सरकू लागला.

सुटलेल्या वायरीची कापरी रेघ मी रोज बघते. ही तशी नव्हती. स्वच्छ ठोके होते. मिनिटाला चाळीस.

वायर बदलली. ठोके तेच.

मग क्लिपांकडे पाहिलं. मोकळी क्लिप मिटते. या चारही उघड्या होत्या, मनगटं-घोटे धरल्यासारख्या. उशी मधोमध दबलेली होती.

"बुद्धप्रियाबाई, भिऊ नका," भिंत धरून उभ्या उमादेवी मला म्हणाल्या. "मी उठले, ती उठली न्हाई. घरीबी अशीच पडून राहती. मी उभी राहिले की खाली वढती."

विरूपाक्ष तपासणीच्या टेबलाकडे बघतच नव्हते. "उमा, बस जरा."

"न्हाई बसत."

ओठ पांढरे पडले होते, कपाळावर घाम होता. तरी त्यांनी भिंतीवरचा हात काढला आणि रिकाम्या उशीवर वाकल्या.

"लई पडले तुझ्यासंगं. आता तू पड. मी चालले."

तीन मिनिटांनी उभ्यानंच पुन्हा बीपी घेतला. एकशे अठरा-शहात्तर.

डॉक्टरांनी गोळी थांबवली नाही, डोस बदलला आणि सावकाश उठायला सांगितलं. विरूपाक्षांनी जिन्यात हात पुढे केला. तो न धरता उमादेवी खाली उतरल्या.

मी चादर बदलली, मशीनची बॅटरीसुद्धा काढून पुन्हा बसवली आणि पुढचं नाव पुकारलं. किनवटचे मलप्पा. मघाशी ते बाहेरच्या बाकावर बसलेले होते, आतलं त्यांना काही माहीत नव्हतं.

चपला काढून ते आत आले. टेबलापाशी येताच थबकले आणि त्यांनी चटकन नजर खाली घातली.

"माफ करा म्याडम," ते म्हणाले, "बाईमाणसाचं होऊ द्या आधी."

जाताना दार हळूच ओढून घेतलं.