साहेबांचं वजन

दुकानात शिरताना तो आधी दाराला धडकला, मग खुर्चीला. काउंटरपाशी पोचल्यावर त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्यासमोर सोडली. आत चष्म्याचे सात तुकडे होते.

"कोण बसलं यावर?" मी विचारलं.

"बसलं नाही. चावलं."

"कोण?"

"पोपट."

मी चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवते. नऊ वर्षांत लोकांनी चष्मा मोडल्याची शंभर कारणं सांगितली असतील, पण हे नवीनच होतं. तो सोडवून आणलेल्या पक्ष्यांच्या निवाऱ्यात काम करायचा. आणि हा पोपट – राखाडी, लाल शेपटीचा – मालक गेल्यापासून स्वतःच्याच छातीवरची पिसं उपटत होता. दोन घरांनी हौसेने नेला आणि महिन्याच्या आत परत आणून दिला.

"चावतो ना, म्हणून," तो म्हणाला. "पण आत कुठेतरी फार घाबरलाय हो तो."

"बरं, माझ्या डोळ्यांत बघा," मी म्हणाले.

"अं?"

"माप घ्यायचंय. दोन बुबुळांमधलं."

दिवसाला वीस माणसं माझ्या डोळ्यांत बघतात, मला त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र माप तीनदा घ्यावं लागलं.

"काही चुकलं का?"

"मी मापात चुकत नाही," मी तोऱ्यात सांगितलं. "अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही."

हे वाक्य पुढे माझ्याच अंगाशी येणार होतं.

आठ दिवसांनी तो नवा चष्मा न्यायला आला, तेव्हा मी पोपटाची चौकशी केली. पुढच्या रविवारी पोपट आमच्या घरात होता. घरात आम्ही दोघीच, मी आणि आत्या. आत्याने पिंजऱ्याकडे पाहिलं, पिंजरा आणणाऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "दया आली म्हणे पोपटाची!"

नाव आत्यानेच ठेवलं... साहेब. कारण तो मान तिरकी करून सगळ्यांकडे असं बघायचा, जणू आमचे अर्ज त्याच्या टेबलावर पडून आहेत.

साहेबांच्या तैनातीला घर बदललं. पिंजरा भिंतीला टेकवला, म्हणजे पाठ सुरक्षित वाटते. न चिकटणारा तवा गेला, कारण तो तापला की त्याचा धूर पक्ष्यांच्या फुप्फुसांना बाधतो. त्या तव्यासाठी आत्याने दोन दिवस तोंड फुगवलं. उदबत्त्या बंद, अत्तर बंद. आणि रोज सकाळी वजन. साहेब काट्यावर उभे राहायला तयार नव्हते, म्हणून मी त्यांचा जुना, ठेंगणा लाकडी स्टँडच काट्यावर ठेवायचे. पहिल्या दिवशी नुसता स्टँड मोजला, दोनशे बारा ग्रॅम, आणि आकडा भिंतीवर लिहिला. रोज तेवढे वजा करायचे, झालं.

आले तेव्हा साहेब चारशे बारा ग्रॅम होते. पहिल्या आठवड्यानंतर चारशे चार. दुसऱ्यानंतर तीनशे पंच्याण्णव.

"तीनशे ऐंशीच्या खाली गेलं तर मला परत न्यावं लागेल," तो म्हणाला. "नियम आहे. घर मानवलं नाही असं धरतात."

"म्हणजे तिसऱ्यांदा?"

तिसऱ्यांदा परत गेलेला पक्षी पुन्हा कुणी नेत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मग तो एक दिवसाआड येऊ लागला. विष्ठेचे नमुने डॉक्टरांकडे न्यायचा, निकाल स्वच्छ यायचा. नवीन जागेत रुळेपर्यंत पक्ष्याला प्रवास नको, असं डॉक्टरांचं म्हणणं. तो साहेबांच्या छातीच्या हाडावरून हलकेच बोट फिरवून पुटपुटायचा, "मांस तर आहे... मग जातंय कुठे वजन?" मी पपईच्या फोडी चिरायचे, तो एकेक फोड साहेबांपुढे धरायचा. मधूनच आमची बोटं एकाच फोडीवर यायची.

"सॉरी," तो म्हणायचा.

"पपईला म्हणताय की मला?"

"पपईला. तुम्हाला... नाही म्हणणार."

असे दिवस चालले होते. छातीवर नवी पिसं फुटू लागली होती, साहेब आमच्या बेलची हुबेहूब नक्कल करून आत्याला दारापर्यंत पळवत होते, आणि वजन मात्र रोज घटत होतं. मी दुकानात काचा घासतानासुद्धा मनात वजाबाकी करत असायचे.

पाचव्या रविवारी सकाळी काट्याने घात केला. तीनशे एकोणऐंशी.

मी फोन केला. त्याने आकडा पुन्हा विचारला. मग तो म्हणाला, "पिंजरा घेऊन येतो."

मी काट्यासमोरच बसून राहिले. रडू आलं, तर रडलेही. साहेबांनी मान तिरकी केली. मग एक पाय उचलला... आणि चक्क स्वतःहून माझ्या मनगटावर आले. तिथून दंडावर, तिथून खांद्यावर. पाच आठवड्यांत पहिल्यांदा! मी श्वास रोखून बसले. नजर समोर गेली. काट्यावर आता नुसता स्टँड होता, आणि काटा दाखवत होता एकशे शहात्तर.

दोनशे बारा नाही. एकशे शहात्तर.

मी स्टँड उलटा केला. वरून दांडी जशीच्या तशी, आणि खालून होडीसारखी कोरलेली!

"आत्या!"

आत्या दारातच उभी होती. "रोज दुपारी चमचाभर भुसा झाडते मी," ती गुन्हेगारासारखी म्हणाली. "तुला सांगितलं नाही. उगाच लाकूड कुरतडतो म्हणूनही त्याला परत पाठवतील, असं वाटलं."

साहेब एक ग्रॅमही घटले नव्हते. उलट तीन ग्रॅम वाढले होते. घटत होता तो स्टँड! मी हसत सुटले, साहेबांना आणि आत्याला एकदमच मिठी मारली. मग फोन हातात घेतला... आणि खाली ठेवला. वजन ठीक आहे म्हटल्यावर तो कशाला येईल?

म्हटलं, आज तरी येऊ दे.

तो आला तेव्हा दाढी वाढलेली, हातात रिकामा पिंजरा. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलायला लागला.

"चूक माझी आहे. नियमाने आठवड्यातून एकदाच यायचं असतं. सारखं बाहेरचं माणूस आलं की पक्षी बिथरतो... मला माहीत होतं. तरी येत राहिलो."

"का?"

"नमुने दारातूनही नेता आले असते." त्याने चष्मा वर सरकवला. "मी तुमच्यासाठी येत होतो. माझ्या हौसेपायी त्याचं घर गेलं."

बिचाऱ्याचा चेहरा इतका पडला होता की मला आणखी एक मिनिटही गप्प बसवेना. त्याचा हात धरून मी त्याला काट्यापाशी नेलं. स्टँड ठेवला. आकडा दाखवला. भिंतीवरचा दाखवला. मग स्टँड उलटा केला.

त्याने दोनदा वजाबाकी केली. "चारशे पंधरा?"

"चारशे पंधरा."

"आणि तुम्ही मापात चुकत नाही!"

"तुम्ही डोळ्यांत बघितलंत की चुकते," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

हात त्याने सोडला नव्हता. मीही नाही. स्वयंपाकघरात आत्याने उगाचच भांडी आपटली.

"पण मग..." तो हळूच म्हणाला, "आता यायला कारणच उरलं नाही."

क्षणभर विचार करून त्याने चष्मा काढला आणि एक काडी साहेबांच्या चोचीसमोर धरली. माझ्या खांद्यावरून साहेब वाकले. कड्‌!

"अरेरे," तो खुशीत म्हणाला. माझ्याकडे बघत होता, पण नाकाच्या जरा डावीकडे. "दुकान उद्या किती वाजता उघडतं?"

"दहाला," मी म्हणाले. "पण माप आत्ताच घेते. जवळ या."