झाकण उघडं, दिवा चालू

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही," म्हातारा नातवंडांना म्हणाला, "पण एका रिकाम्या टाकीने आपण काठोकाठ भरलोय अशी खोटी साक्ष दिली होती. आणि ती पकडली तुमच्या आजीने!"

खिडकीशी बटण शिवत बसलेल्या आजीने मानसुद्धा वर केली नाही. गोष्ट तिची, पण तिखटमीठ लावून सांगायचा तो.

तेव्हा रंगाच्या कारखान्यात विजेची दुरुस्ती करणाऱ्या तिला सगळे तारवाली म्हणत. भर दुपारी फोन खणखणला.

"पळत ये! चार नंबरच्या टाकीत तुझा दादा अडकलाय."

ती धावत पोचली. दादा टाकी धुवायला आत उतरला होता. रंग ढवळायचं पोलादी पातं आपोआप फिरलं आणि त्याचा पाय भिंतीशी चेपला गेला. मुकादमाने मोटरची वीज तोडली म्हणून तेवढ्यावर निभावलं.

"पातं हाताने मागे ढकला ना!"

"गिअरने जखडलंय. मोटरनेच उलटं फिरवायला हवं."

"मग द्या वीज."

"दिली आणि ते पुन्हा पुढेच फिरलं तर?" मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आतून पोकळ आवाज आला. "छोटे, लवकर कर गं. पाय बधिर होतोय."

तिने कंट्रोल पॅनेल उघडलं. मोटर बंद असली तरी इथले छोटे दिवे जिवंत होते. पातं पुढे फिरायला दोन निरोप लागत: झाकण बंद आहे आणि टाकी भरली आहे. दोन्ही दिवे हिरवेगार. झाकण तर तिच्या डोळ्यांसमोर सताड उघडं!

"दादा, पातळी सांगणारा तरंगता गोळा कुठंय?"

"डोक्याला लागत होता. वर दोरीने बांधलाय."

"सोड त्याला. हळू."

एक दिवा विझला.

"सुटलो बाबा!" मुकादम म्हणाला. "देऊ वीज?"

"थांबा. दुसरा अजून खोटं बोलतोय."

तिने झाकणाकडून येणारी तार स्क्रू सोडवून उपटली. दिवा विझायला हवा होता. तो तसाच जळत राहिला. म्हणजे खोटेपणा झाकणापाशी नव्हताच, याच पेटीत होता. तिची बोटं तारांच्या जुडग्यामागे शिरली. तिथे एक आगंतुक तार होती, मधोमध जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टीच्या आत दोन तुकडे पिळून जोडलेले. तिने ती ओढून काढली आणि दिवा विझला.

मग वीज, आणि उलट फिरवायचं बटण. पातं कुरकुरत, तसूतसूने मागे सरकलं. दादा लंगडत वर आला आणि तिच्या गळ्यात पडून रडला.

तिने तिथेच चौकशी मांडली.

"पॅनेलच्या किल्ल्या कुणाकडे?"

"माझ्याकडे, या मशीन चालवणाऱ्याकडे," मुकादमाने बोट दाखवलं, "आणि जुन्या वायरमनकडे. तो परवाच काम सोडून गेला."

"झाकणाचा स्विच बिघडला होता?"

"होता," मशीनवाला म्हणाला. "झाकण लावलं तरी मशीन उघडंच समजायचं, दर तासाला अडायचं. मग आपोआप नीट झाला."

"स्विच आपोआप बिघडतात. आपोआप नीट होत नाहीत." ती म्हणाली, "कुणीतरी काम अडू नये म्हणून स्विचला वळसा घालून तार टाकली. आजचा दिवस भागवू म्हणाला असेल. त्यानंतर झाकण उघडं असो वा बंद, मशीनला बंदच. वर दादाने गोळा बांधला. दोन खोटे निरोप एकत्र आले आणि पातं फिरलं."

"आणि तो कुणीतरी म्हणजे पळालेला वायरमन!" म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. "पुन्हा त्याला कुणी कामावर घेतलं नाही. संपली गोष्ट."

"अहो," आजी म्हणाली. सुई थांबली होती. "पट्टीच्या आत काय होतं म्हणालात?"

"दोन तुकडे. पिळलेले."

आजी उठली. बटणांच्या डब्याच्या तळातून तिने एक तार काढली. चिकटपट्टी काळी पडली होती, पण गुंडाळी तशीच होती.

"मुकादमाला मी ही अशीच दाखवली होती. आजवर कधी उघडली नाही."

तिने नखाने पट्टी सोडवली. आत दोन तुकडे होते. पिळलेले.

नातवंडं आजोबांकडे बघत राहिली. तो एकेकाळचा मशीनवाला खाली बघत होता.

"खोटं बोलताय तुम्ही," आजी म्हणाली. "तीस वर्षं."